चांदण्यातली पंगत : शाळेच्या अंगणात रात्रीच्या जेवणाची मांडणी आणि सजावट

उपक्रम : हुरडा आणि स्नेहभोजन
इयत्ता : ४ थी ते ७ वी
जोडलेले विषय : गणित, परिसर अभ्यास, मराठी
काळ : पौष-माघ



पौष लागला की आपल्या जालना जिल्ह्यात ज्वारी हुरड्यात येते. दाणा अजून हिरवा असतो, दाबला की आतून दाट चीक निघतो. मग बांधावर आगट्या पेटतात, पाव्हणे येतात, गूळ, दही, लसणाची चटणी बाहेर निघते. बऱ्याच शाळा याच दिवसांत वनभोजन नाहीतर स्नेहभोजन ठेवतात. पण एक बघा, आपली सगळी शक्ती स्वयंपाकात जाते. भाकऱ्या किती, बेसन किती, गूळ कोण आणणार, यावर चार बैठका होतात आणि जागेचं काय? 'टाका की सतरंज्या मैदानात!' एवढ्यावर भागतं.

माझं म्हणणं असं आहे की या उपक्रमातला खरा पाठ जागेच्या मांडणीतच आहे. कोण कुठं बसणार, उजेड कुठून येणार, धूर कुणाच्या डोळ्यांत जाणार, वाढणारा कुठून चालणार हे मुलांनी ठरवायचं. ठरवताना मोजमाप येतं, वारा आणि चंद्र येतो, आणि माणसंही येतात. हे मला पहिल्या वर्षी चूक केल्यावर कळलं. ती चूक आधी सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही सहज होईल.

पहिल्या वर्षीचे चौकोन

आम्ही निमंत्रणावर 'सहकुटुंब यावे' असं छापलं होतं. सजावटीची कल्पना मला फार आवडली होती. मैदानात रांगोळीने चौकोन आखायचे, एका कुटुंबाला एक चौकोन, कोपऱ्यात पणती, मध्ये फुलं आणि समोर कागदावर घराण्याचं नाव. दिसायला खरंच सुंदर दिसत होतं. आदल्या दिवशी पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली.

"सर, मायबाप तर कारखान्यावर गेलेत. चौकोनात मी एकटीच बसू का?"

मी घाईत होतो. म्हणालो, "आजीला घेऊन ये ना."

आजीचे गुडघे धरलेले. ती काही रात्री शाळेपर्यंत चालत येणार नव्हती, हे मला माहीत असायला हवं होतं. मुलगी आली नाही. तिच्यासारखी आणखी काही मुलं आली, पण चौकोनात न बसता स्वयंपाकाच्या खोलीच्या पायरीवर बसली. मैदानात त्यांचे चौकोन पणतीसकट रिकामे. रात्रभर मला ते रिकामे चौकोनच दिसत राहिले.

मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांत ही गोष्ट नवी नाही. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेले कोयते कारखान्याकडे निघतात. ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. काही मुलं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ. म्हणजे हुरड्याचा हंगाम आणि आई-बाप घरी नसण्याचा हंगाम एकच. 'सहकुटुंब' या शब्दानेच आपण त्या मुलांना बाहेर ठेवतो, आणि रांगोळी काढून ते सगळ्यांना दाखवतो.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना दुजाभाव करणं. एकाला तुपाची धार, दुसऱ्याला नुसता थेंब. भाषेच्या तासाला हा शब्द फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, तुम्ही असं कुठं पाहिलंय का? उत्तरं ऐकायची तयारी ठेवा. शालेय पोषण आहारासाठी मुलं रोज पंगतीत बसतात. त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

जागा निवडताना : आधी चंद्र, मग वारा

दिवस पौर्णिमेचा किंवा तिच्या आदल्या दिवसाचा धरा. पौर्णिमेला सूर्य मावळण्याच्या सुमारास चंद्र उगवतो. जानेवारीच्या सुरुवातीला जालन्यात सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवण वाढेपर्यंत पूर्वेला चांगला उजेड येतो. पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवत जातो. म्हणून दोन दिवस पुढे ढकललं की अंधारात जेवण आलंच. २०२६ साली शाकंभरी पौर्णिमा नेमकी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आणि तीही शनिवारी आली होती. असा योग दरवर्षी येत नाही, पण दिनदर्शिका घेऊन तारीख शोधण्याचं काम मुलांनाच द्या.

हिवाळ्यातली पौर्णिमा आणखी एका कारणासाठी बरी. पौषातला पूर्ण चंद्र ईशान्येच्या अंगाने उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. पण आठच्या सुमारास तो अजून बऱ्यापैकी खाली असतो. त्यामुळे पूर्वेला शाळेची इमारत किंवा मोठा वड असेल तर त्याची सावली पंगतीवर पडणार. पूर्व बाजू मोकळी असलेली जागा शोधा. आदल्या महिन्याच्या पौर्णिमेला संध्याकाळी गावातल्याच दोन-तीन मुलांनी पालकांसोबत मैदानात येऊन सावल्या कुठं पडतात ते आखून ठेवलं, तर नंतर वाद होत नाहीत.

आता वारा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून असतो, पण गावाची टेकडी, नाला, इमारती यांनी दिशा बदलते. काठीला जुन्या धोतराची पट्टी बांधून मैदानात रोवा. आठ दिवस रोज पाच ते सहाच्या दरम्यान पट्टी कोणत्या दिशेला उडते ते मुलांनी वहीत लिहायचं. आठपैकी जिकडे जास्त वेळा उडाली, त्या बाजूला आगट्या. म्हणजे धूर पंगतीपासून लांब जातो. त्याच बाजूला कडब्याची गंज किंवा पऱ्हाटीचा ढीग असेल, तर मात्र जागाच बदला. यात तडजोड नको. ठिणगी उडायला मोठा वारा लागत नाही.

जमिनीचंही बघायचं असतं. काळ्या मातीला या दिवसांत भेगा पडलेल्या असतात, दगड-धोंडे असतात, आणि दगडाखाली विंचू. दोन दिवस आधी दिवसाउजेडी जागा साफ करा, भेगा मातीने बुजवा. दगड मोठ्यांनीच उचलायचे, काठीने उलथून. धूळ बसायला सडा लागतोच, पण टँकरच्या गावात सड्याला पाणी कुठून आणणार? आम्ही मुलांच्या हात धुण्याचं पाणी आठवडाभर एका टाकीत साठवलं आणि तेच शेण कालवून शिंपडलं. तेवढं पुरलं.

पंगत की रिंगण?

इथं गणिताचा तास. समजा १०० माणसं आहेत. मांडी घालून बसणाऱ्याला साधारण २ फूट रुंदी लागते. हे मुलांना सांगू नका, त्यांनाच एकमेकांशेजारी बसवून टेपने मोजू द्या. मोठी माणसंही बसवा, नाहीतर हिशेब चुकतो.

सरळ पंगत धरली तर २५ माणसांची रांग ५० फूट होते. बसायला अडीच फूट आणि पानाला दीड फूट, म्हणजे एका रांगेची खोली ४ फूट. समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये वाढप्यांसाठी ४ फूट वाट, एकूण १२ फूट. अशा दोन जोड्या, त्यांच्यामध्ये ४ फूट मोकळे. झाले २८ फूट. ५० गुणिले २८, म्हणजे १४०० चौरस फूट.

आता रिंगण. १०० माणसांना २०० फूट परीघ हवा. दोरी ३३ फुटांची घेतली तर परीघ साधारण २०७ फूट येतो. २०० फुटांत माणसं बसतात आणि उरलेल्या ७ फुटांतून वाढपी आत-बाहेर करतात. मध्ये खुंटी रोवून दोरी ताणायची आणि चुन्याची फक्की टाकत फिरायचं. सहावी-सातवीच्या मुलांना पाय म्हणजे काय हे त्या दिवशी जे कळतं, ते फळ्यावर महिनाभर शिकवून कळत नाही. रिंगणाचं क्षेत्रफळ काढायला लावा, ते ३४०० चौरस फुटांच्या वर जातं. म्हणजे जागा जवळपास अडीचपट लागते. मग मुलं विचारतात, "एवढी जागा का वाया घालवायची, सर?"

प्रश्न चांगला आहे. आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला. रांगांच्या बाजूची मुलं म्हणाली, वाढायला सोपं, सतरंज्या कमी लागतात. रिंगणाच्या बाजूने एक मुलगा एवढंच म्हणाला, "रांगेत शेवट असतो. शेवटी बसलं की भाजी संपते." वर्गात हशा पिकला. पण मतं मोजली तेव्हा रिंगण जिंकलं.

तुमचं मैदान लहान असेल तर रांगा करा, काही बिघडत नाही. फक्त वाढप दोन्ही टोकांकडून सुरू करा.

कोण कुणाशेजारी?

रिंगण केलं तरी माणसं आपापल्या ओळखीच्यांजवळच बसतात. गावात ओळखीचे म्हणजे कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. इथं सजावट कामाला येते. दुसऱ्या वर्षी आम्ही नावांच्या चिठ्ठ्या काढूनच टाकल्या. दहा झाडं निवडली : वड, पिंपळ, आंबा, कडुनिंब, चिंच, बाभूळ, बोर, पळस, पेरू आणि मोसंबी. मोसंबी तर हवीच, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. रिंगणावर दर दोन फुटांवर यांतल्या एकेका पानाचं चित्र मुलांनी गेरू आणि चुन्याने जमिनीवर काढलं. वडापासून मोसंबीपर्यंत, मग पुन्हा वडापासून. असं दहा वेळा. दारात टोपलीत त्याच झाडांची खरी पानं, प्रत्येकी दहा. लहान पानांच्या डहाळ्या. येणाऱ्याने न बघता एक पान उचलायचं आणि तसं चित्र जिथं रिकामं असेल तिथं बसायचं.

यात तीन गोष्टी साधल्या. पानं ओळखता न येणाऱ्या मोठ्या माणसांना मुलांनी हात धरून जागा दाखवली. जमीन सजली, तीही फुकटात. आणि कुटुंबं विखुरली गेली. कोणाचे आई-वडील आले आहेत आणि कोणाचे नाहीत, हे बघून कळेनासं झालं. सहा वर्षांखालच्या लेकरांना मात्र आपल्या माणसाजवळच बसू द्या.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. एका पालकांनी दारातच विचारलं, "म्हणजे आमच्या पोराजवळ कोणीबी बसणार का?" सातवीतली मुलगी टोपली घेऊन उभी होती. तिनं "काका, आधी पान तर घ्या" म्हणत टोपली पुढं केली. त्यांनी घेतलं. त्यांना चिंच आली.

भाकऱ्यांचंही असंच केलं. प्रत्येक घरातून जमतील तेवढ्या भाकऱ्या, एक असो की पाच. सगळ्या दारातच एका मोठ्या दुरडीत, वर पांढरं फडकं. कुणाची भाकरी कुणाच्या पानात गेली याचा पत्ता नाही. ज्यांच्या घरी करायला कोणी नव्हतं, ती मुलं दुरडी सांभाळायला. वर्गात हे सांगताना समतानंद अनंत हरी गद्रे यांची गोष्ट जरूर सांगा. त्यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले. पूजेला दलित जोडपं बसवायचं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांनी एकत्र झुणका-भाकर खायची. आपल्या ताटातली साधी भाकरी किती मोठं काम करू शकते हे मुलांना यातून कळतं.

पान, पत्रावळ आणि ताट

ताटं घरून आणायला सांगावीत की पत्रावळी वापराव्यात? पाण्याचा विचार केला तर पत्रावळी. पण माझं कारण वेगळं आहे. घरून ताट आणलं की एकाचं जाड स्टीलचं, नाव कोरलेलं, दुसऱ्याचं पोचे पडलेलं जर्मनचं. मुलं बोलत नाहीत, पण बघतात. पत्रावळ सगळ्यांची सारखीच.

थर्माकोलच्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास यांच्यावर आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून बंदी आहे, तरी त्या बाजारात मागितल्या की मिळतात. मागूच नका. शाळेच्या आसपास पळस असेल तर जानेवारीत पानं मिळतात. पुढे फुलोऱ्याच्या वेळी झाड निष्पर्ण होतं. पानं धुऊन, पुसून, एकावर एक चढवून बारीक काड्यांनी टाचायची. गावातल्या एखाद्या आजीला दोन तास शाळेत बोलवा, ती शिकवते. मुलांच्या पहिल्या दहा पत्रावळी फाटतात, त्या शेळ्यांना घाला. पाण्याला घरून आपापला तांब्या-पेला चालेल.

पान वाढण्याची पद्धतही शिकवा. मीठ आधी. चटणी, ठेचा, कोशिंबीर, लिंबू डावीकडे. भाजी, बेसन, भरीत उजवीकडे. जुन्या लोकांनी हे उगाच ठरवलेलं नाही. जास्त लागणारं हाताजवळ, चवीपुरतं लागणारं पलीकडे. वाढप्यांना एकच नियम : कुणाचं तोंड बघून चमचा कमी-जास्त करायचा नाही. नको म्हणणाऱ्याला आग्रहही नको. अन्न वाया गेलं की मुलांनाच उचलावं लागतं.

उजेड

हॅलोजन लावू नका. शाळेत एक असतोच, आणि उत्साही पालक तो लावायला धावतात. मोठा झोत लागला की चांदणं मेलंच म्हणून समजा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक झोत डोळ्यांवर आला की पुन्हा पहिल्यापासून.

उजेड गुडघ्याच्या खाली ठेवा. पान दिसावं, डोळ्यांत जाऊ नये. तूर काढून झालेली असते, तुराट्या शेतात पडलेल्या मिळतात. वीतभर लांबीच्या तुराट्या सुतळीने गोल बांधून चौकटी करा. आत काचेच्या ग्लासात बोटभर वाळू आणि वाळूवर पणती. काचेमुळे वारा लागत नाही, वाळूमुळे ग्लास तापून तडकत नाही. चौकट ग्लासपासून चार बोटं लांब हवी, नाहीतर तुराटी पेटेल. दर पाच माणसांमागे एक, म्हणजे वीस कंदील. ते पानांच्या पुढे, वाढप्यांच्या वाटेच्या कडेला ठेवा. सौर कंदील असतील तर लहान मुलांच्या बाजूला तेच ठेवा. हात धुण्याच्या जागी आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर मात्र पक्का दिवा हवा. तिथं चांदण्याचं कौतुक नको.

दारात ज्वारीच्या ताटांची कमान करा. कणसासकट पाच-सहा ताटांची जुडी दोन्ही बाजूंना, वर आंब्याचे डहाळे, जमल्यास शेवंतीची माळ. दुसऱ्या दिवशी ताटं बैलांना जातात. फुगे, चमकीचे कागद यांची गरजच वाटली नाही.

आगटी

आगटी हे मोठ्या माणसांचं काम, मुलांनी तीन हात लांब. फूटभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून निखारा होऊ द्यायचा, ज्वाळ बसल्यावरच कणसं खोचायची. भाजलेलं कणीस गरम असतानाच चोळावं लागतं, गार झालं की दाणा सुटत नाही. चोळायला जाणती माणसं बसवा. भूस फुंकायला आणि सूप धरायला मुलं चालतात. कणसं किती लागतील? एक कणीस भाजून, चोळून किराणा दुकानाच्या काट्यावर दाणे तोला आणि वर्गात हिशेब करा. सुरती किंवा गूळभेंडी मिळाली तर गोडीला तोड नाही, नाहीतर जे आहे ते.

हुरडा साडेचार-पाचला सुरू करून अंधाराच्या आत आटोपायचा, मग जेवण. पाण्याचं पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या आगटीजवळ हव्यातच. कुणाला चटका बसला तर गार पाण्याची धार १० ते २० मिनिटं. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही. भाजलेलं जास्त असेल तर थेट दवाखाना. आगटी विझवताना पाणी ओता, राख उलटीपालटी करा, पुन्हा पाणी ओता. वर राख दिसते आणि आत निखारा जिवंत असतो.

दुसऱ्या वर्षी ती मुलगी आली. तिला टोपलीतून बाभूळ आली, तिच्या एका बाजूला सरपंचबाई आणि दुसऱ्या बाजूला चौथीतला एक वात्रट मुलगा. मी तिच्याशी काही बोललो नाही. जेवण झाल्यावर तिनं माझा मोबाईल मागितला, कोपीवरच्या बापाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल हातात धरून सबंध रिंगणाला एक फेरी मारली. अंधारात पलीकडे फारसं काही दिसलं नसावं.

सकाळी पत्रावळी खताच्या खड्ड्यात गेल्या, राख झाडांच्या बुडाशी. गेरूची पानं दोन दिवसांत पायाखाली पुसली. चुन्याचं रिंगण मात्र महिनाभर टिकलं, आणि मधल्या सुट्टीत मुलं त्याच्यावर बसून 'मामाचं पत्र हरवलं' खेळत होती.